दक्षिणा, वर्गणी आणि अनुदान : मराठी वाचनालयांच्या अर्जांचा इतिहास

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथकार, ग्रंथ, नियतकालिके आणि वाङ्मयीन वाद यांची दखल आपण घेतो. छापलेला ग्रंथ वाचकाच्या हाती कोणत्या खोलीत पडला, त्या खोलीचे भाडे कोणी भरले आणि दिवाबत्तीचा खर्च कोणाच्या खिशातून झाला, हा प्रश्न मात्र वाङ्मयाच्या इतिहासकाराला सहसा पडत नाही. तो ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाकडे सोपवून आपण मोकळे होतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकापासून मराठी वाचकवर्ग घडला तो मोठ्या प्रमाणात गावोगावच्या वाचनालयांत. ही वाचनालये सरकारने काढलेली नव्हती. गावातल्या, पेठेतल्या किंवा आळीतल्या चार-सहा मंडळींनी एकत्र यावे, वर्गणी जमवावी, एखादी खोली मिळवावी आणि वर्गणी पुरेनाशी झाली की सत्ताधाऱ्यांकडे अर्ज करावा, असा हा क्रम आहे. जवळजवळ दोनशे वर्षे तो अखंड चालू आहे. या लेखात आम्ही अशा अर्जांकडे पाहणार आहोत. स्थानिक मंडळीने सार्वजनिक पैसा मागायचा तो कोणत्या नात्याने, आणि देणाऱ्याने तो द्यायचा कोणत्या अटीवर, हा या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे.

प्रारंभी तीन शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. दक्षिणा पात्र व्यक्तीला मिळते. तिच्यात घेणाऱ्याची पात्रता दात्याने किंवा दात्याच्या पंडितांनी ठरवायची असते, आणि एकदा दिल्यावर तिचा हिशेब मागायचा नसतो. वर्गणी ही बरोबरीच्या माणसांची गोष्ट आहे. ती देणारा सभासद होतो, त्याला वार्षिक सभेत बोलता येते आणि जमाखर्चावर शंका काढता येते. अनुदान या दोहोंहून निराळे. ते व्यक्तीला मिळत नाही, संस्थेला मिळते. त्याचा हिशेब द्यावा लागतो. आणि ‘अनु’ या उपसर्गाचा ‘मागून’ हा अर्थ ध्यानात घेतला तर ते बहुधा खर्च होऊन गेल्यावर हाती येते, हा अनुभवही त्या शब्दात सापडतो. आपल्या वाचनालयांचा इतिहास या तीन शब्दांमधून झालेला प्रवास आहे. मात्र मागचा शब्द मागे टाकून पुढचा घेतला असे झालेले नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

दक्षिणेचा प्रश्न

पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ मध्ये राज्य गेले तरी कंपनी सरकारने ती प्रथा एकदम मोडली नाही. पुढे १८४९ साली पुण्यातील नवशिक्षित सुधारक मंडळीने सरकारकडे एक अर्ज करण्याचे ठरवले. दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, अशी त्यांची मागणी होती. सनातनी मंडळींमध्ये मोठा क्षोभ उसळला. अर्ज करणाऱ्यांना संरक्षण लागेल अशी परिस्थिती आली, आणि ते जोतीराव फुले यांनी आपली माणसे उभी करून दिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. अखेर १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

अव्वल इंग्रजी काळातील गद्याचा अभ्यास करताना या कमिटीचे नाव आपण विद्यार्थ्यांना सांगतो, पण बहुधा बक्षीसपात्र ग्रंथांच्या यादीपुरते. आमच्या मते १८४९ चा अर्ज त्या यादीहून अधिक महत्त्वाचा आहे. सार्वजनिक तिजोरीतून होणारा एक परंपरागत खर्च लोकांच्या भाषेतील ग्रंथांसाठी वळवावा, अशी मागणी नागरिकांच्या एका गटाने लेखी स्वरूपात केली होती. या मागणीत दोन गृहीतके होती. तिजोरीतला पैसा राजाच्या पुण्यसंचयासाठी नसून लोकांच्या उपयोगासाठी आहे, हे एक. आणि त्या उपयोगाचे स्वरूप काय असावे यावर लोकांना बोलता येते, हे दुसरे.

या गृहीतकांना मर्यादा कोठे पडल्या तेही लगेच दिसून आले. ज्या फुल्यांनी अर्जदारांना पाठबळ दिले, त्यांनीच १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. भटभिक्षुकांकडून होणारी शेतकरी कुटुंबाची फसवणूक आणि तीवरचा उपाय म्हणून शिक्षण, असा त्याचा विषय. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन गृहस्थांचे काही चालले नाही आणि नाटक नाकारले गेले, अशी हकीकत फुल्यांनी ‘गुलामगिरी’त, म्हणजे १८७३ मध्ये, नमूद केली आहे. हे नाटक छापील रूपात वाचकांसमोर आले ते १९७९ साली. साहाय्य देणाऱ्या समितीत कोण बसले आहे यावर कोणते वाङ्मय जगेल हे कसे ठरते, याचे मराठीतील हे पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल. दक्षिणेचे नाव ‘प्राइझ’ झाले तरी पात्रता ठरवणारे हात फारसे बदलले नव्हते.

नेटिव्ह जनरल लायब्ऱ्या

त्याच काळात वाचनालये उभी राहत होती. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे आणि नाशिकचे १८४० चे. पुण्यास १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने वाचनालय निघाले, ते आजचे पुणे नगर वाचन मंदिर. कोल्हापूरचे वाचनालय १८५० मधले आहे. यांपैकी बहुतेकांची मूळ नावे ‘नेटिव्ह लायब्ररी’ किंवा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी होती. ती पुढे ‘नगर वाचनालय’, ‘नगर वाचन मंदिर’, ‘सार्वजनिक वाचनालय’ अशी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणचे इंग्रज अधिकारी, संस्थानिक व सरदार घराणी, सावकार, वकील, मामलेदार कचेरीतील कारकून आणि शाळाखात्यातील शिक्षक हा त्यांचा आश्रयदाता आणि सभासदवर्ग होता. देणगी मोठ्यांची, वर्गणी मध्यमांची आणि व्यवस्था नोकरवर्गाची, अशी एकंदर रचना.

‘जनरल’ या शब्दाने तेथे सर्व प्रकारची पुस्तके मिळतील असे सुचत असे. सर्व प्रकारची माणसे येतील असा त्याचा अर्थ व्यवहारात नव्हता. अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी परवडणारा, अक्षरओळख असणारा, आणि ज्याच्या शेजारी बसायला इतरांची हरकत नाही असा पुरुष हाच वाचक. १८४८ हे साल या दृष्टीने मुद्दाम लक्षात ठेवावे. पुण्यात एकीकडे वाचनालय निघत होते आणि त्याच साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींची शाळा काढत होते. दोन्ही कामे स्थानिक पुढाकाराची होती. दोन्हींना पैशाची गरज होती. पण त्यांच्या कल्पनेतला ‘लोक’ एक नव्हता.

पुढे १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, १८९१ मध्ये फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले, आणि १८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला. एकाच शब्दाने तीन वेगवेगळे समुदाय सुचवले जात होते. १८९३ मध्येच ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार भावे त्या वेळी विशीतले होते. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी जमवावे, हा त्यामागचा संकल्प. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच वाटेने निघाले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या लायब्ऱ्यांत इंग्रजी ग्रंथांना मान होता. या दोन संस्थांनी मराठी भाषा हाच संग्रहाचा पाया मानला, आणि त्यामुळे वर्गणीदाराचे स्वरूपही बदलले. साहेबाच्या देणगीपेक्षा शिक्षक आणि कारकून यांच्या लहान वर्गणीवर आणि लेखक-प्रकाशकांनी दिलेल्या प्रतींवर भिस्त ठेवणे भाग पडले. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’सारखे काम पुढे शक्य झाले ते अशा संग्रहांमुळेच. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची ती नोंद वापरताना तिच्यामागे असंख्य अनाम वर्गणीदार उभे आहेत याची आठवण ठेवावी, असे आम्हांला वाटते.

अटींचा जन्म

सरकारी साहाय्याला नियमांचे रूप आले ते १८५४ च्या वुडच्या खलित्याने. या खलित्यात खाजगी शाळांना ‘ग्रँट-इन-एड’ देण्याचे तत्त्व मांडले गेले. त्याच्या अटी अशा होत्या : शिक्षण लौकिक विषयांचे आणि समाधानकारक असावे, स्थानिक व्यवस्थापन जबाबदार असावे, सरकारी तपासणीस मान्यता द्यावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी. मुंबई इलाख्यात पुढे विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या निकालावर रक्कम ठरवण्याची पद्धत आली. आज आपण अनुदानाचे जे नियम वाचतो त्यांचा सांगाडा येथे तयार झालेला दिसतो. व्यवस्थापन, तपासणी, स्वतःचा आर्थिक वाटा आणि मोजता येणारे फळ, या चार गोष्टी तेव्हापासून कायम आहेत.

या पद्धतीवर पहिला मूलगामी आक्षेप फुल्यांनीच घेतला. १८८२ च्या हंटर कमिशनपुढील निवेदनात त्यांनी विचारले ते थोडक्यात असे : सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, मग त्यातून होणाऱ्या शिक्षणखर्चाचा लाभ वरच्या वर्गांनाच का मिळावा? स्वतःचा वाटा उभा करू शकणाऱ्या गटालाच साहाय्य द्यायचे असा नियम केला, तर साहाय्य अगोदरच सुस्थितीत असलेल्यांकडे जाते. ‘लोकसहभाग’ हा शब्द आपण आज फार सहजपणे वापरतो. त्यातील हा दोष एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी सांगितला गेला होता.

संस्थानांमध्ये याचे निराळे प्रयोग झाले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यातील सूत्र ‘तिघांचा वाटा’ असे होते. गावकऱ्यांनी ठराविक रक्कम जमवली की तितकीच रक्कम स्थानिक पंचायतीने आणि तितकीच संस्थानाने द्यायची. गावाच्या एका रुपयाचे तीन होत. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या वसतिगृहांना जागा, इमारती आणि वार्षिक साहाय्य दिले. तेथे साहाय्यासाठी पुढे येणारा गट जातीचा होता आणि त्याने स्वतःची कार्यकारिणी उभारावी अशी अपेक्षा होती. सार्वजनिक जीवनाबाहेर ठेवलेल्या समाजांना संस्था चालवण्याचा पहिला अनुभव अनेकदा असा मिळाला.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात अनुदानाच्या अटीचा सर्वांत धारदार उपयोग मात्र ग्रंथालयांच्या क्षेत्राबाहेर झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले करण्याचा ठराव १९२४ मध्ये केला, पण तो कागदावरच राहिला. १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये, असे त्यात सुचवले होते. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला तळ्यावर गेले त्यामागे हा सारा पूर्वेतिहास आहे. ज्या गोष्टीवर सार्वजनिक पैसा खर्च होतो ती सर्वांची असली पाहिजे, हे तत्त्व या ठरावांनी लेखी रूपात आणले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांमध्ये वसतिगृहांबरोबर वाचनालये काढण्याचाही समावेश होता, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. गावच्या वाचनालयाचे दार बंद असेल तर स्वतःचे वाचनालय काढायचे आणि सार्वजनिक पैशावरचा हक्कही सोडायचा नाही, अशी ही दुहेरी भूमिका होती.

फैजी समिती ते १९६७ चा कायदा

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. तिचा अहवाल १९४० मध्ये आला. मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय, मराठी, गुजराती व कानडी भाषकांसाठी पुणे, अहमदाबाद व धारवाड येथे विभागीय ग्रंथालये, त्यांच्याखाली जिल्हा, तालुका, मोठी गावे आणि खेडी, अशी सहा पायऱ्यांची योजना तिने आखली. मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेले होते आणि युद्ध चालू होते, त्यामुळे अंमलबजावणी सुरू झाली ती १९४७ पासून. सरकारने नवी जिल्हा ग्रंथालये बांधण्याऐवजी गावात अगोदरच चालू असलेल्या वर्गणीच्या वाचनालयांना ‘जिल्हा’ किंवा ‘तालुका’ असा दर्जा देऊन साहाय्य करण्याचा मार्ग धरला. ‘जिल्हा नगर वाचनालय’ हे चमत्कारिक वाटणारे नाव त्यातून आले. जिल्हा हा शासनाचा शब्द आणि नगर वाचनालय हा लोकांचा. दोन्ही एका पाटीवर बसले.

दरम्यान कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये आणि हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये ग्रंथालय कायदे केले होते. भाषावार राज्य झाल्यावर हे सारे प्रवाह एकत्र आणणे आवश्यक झाले आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ संमत झाला. तो मे १९६८ पासून अमलात आला आणि ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले.

या कायद्यात एक गोष्ट नाही, आणि तिच्या नसण्याने पुढचा सारा इतिहास घडला. मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला होता. आंध्र प्रदेशाने १९६० मध्ये आणि म्हैसूर राज्याने १९६५ मध्ये तोच मार्ग घेतला. महाराष्ट्राने उपकर टाळला. त्याऐवजी शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये द्यावेत अशी तरतूद केली. उपकर असता तर घरपट्टी भरणारा प्रत्येक नागरिक ग्रंथालयाचा आपोआप वर्गणीदार झाला असता आणि ग्रंथालय चालवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरले असते. महाराष्ट्रात ग्रंथालय लोकांनी चालवायचे आणि शासनाने त्यास साहाय्य करायचे, ही जुनी रचना कायद्याने पक्की केली. शासनाच्या खर्चाची मागणी म्हणजे प्रत्येक गटाचा वेगवेगळा अर्ज, हेही त्याबरोबर पक्के झाले.

या निर्णयाचे दोन्ही परिणाम सांगितले पाहिजेत. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या वर गेली. एवढ्या संख्येने स्थानिक मंडळी वाचनालये चालवते, हे केवळ शासकीय यंत्रणेला साधले नसते. ग्रंथनिवड, व्याख्यानमाला आणि बालविभाग यांत स्थानिक रुचीला वाव राहिला. परंतु जेथे अर्ज लिहिणारे, हिशेब ठेवणारे आणि तालुक्याला खेपा घालणारे लोक होते तेथे वाचनालय टिकले. जेथे ते नव्हते तेथे उभेच राहिले नाही. फुल्यांचा १८८२ चा आक्षेप अशा रीतीने नव्या कायद्यातही लागू राहिला.

अर्ज नावाचा वाङ्मयप्रकार

साहित्याच्या अभ्यासकाला अर्जाचा मजकूर हा स्वतंत्र अभ्यासविषय वाटावा. जुन्या वाचनालयांच्या शताब्दी स्मरणिका, वार्षिक अहवाल आणि इतिवृत्ताच्या वह्या पाहिल्या की भाषेतील बदल स्पष्ट दिसतो. एकोणिसाव्या शतकातील निवेदने आश्रयदात्याला उद्देशून आहेत. त्यांत ज्ञानप्रसाराचे फायदे सविस्तर सांगितलेले असतात, दात्याच्या औदार्याची स्तुती असते आणि मागणी शेवटी येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्तुती कमी होते आणि तिच्या जागी ‘जनता’, ‘समाज’, ‘राष्ट्र’ हे शब्द येतात. १९६७ नंतर मजकूर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ या शब्दांनी सुरू होतो आणि लगेच आकड्यांकडे वळतो.

हा बदल शैलीपुरता नाही. १९७० च्या नियमांनुसार मान्यता मिळवायची तर गटाला प्रथम ‘संस्था’ व्हावे लागते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी हवी. घटना हवी, कार्यकारी मंडळ हवे, ठराव, लेखापरीक्षण आणि जागेचा पुरावा हवा. मग ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, वर्तमानपत्रे व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास यांवरून ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग ठरतात. गावातील मित्रमंडळाने पारावर किंवा देवळाच्या ओवरीत सुरू केलेला पुस्तकांचा कप्पा या भाषेत सांगता येत नाही. तो सांगण्याजोगा करण्यासाठी मंडळाला आपले रूप बदलावे लागते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, कोषाध्यक्ष ही पदे गरजेतून येण्याआधी अर्जातून येतात.

यातून काही चांगलेही घडले. सभेचे इतिवृत्त लिहिणे, जमाखर्च वाचून दाखवणे, मतभेद ठरावाच्या भाषेत मांडणे, हे नागरिकत्वाचे शिक्षण अनेक गावांना वाचनालयाच्या कार्यकारिणीत मिळाले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या समान निधीच्या योजनांमुळे ग्रंथ आणि सामग्री यांची भर पडली. पण मोजता येणाऱ्या गोष्टींना महत्त्व आले की मोजण्यापुरत्या गोष्टी वाढतात, हाही अनुभव आला. ग्रंथसंख्या भरावी म्हणून घेतलेली स्वस्त पुस्तके आणि कागदावरचे सभासद यांची चर्चा वाढत गेली. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, आणि नव्या ग्रंथालयांची मान्यता व वर्गोन्नती थांबवण्यात आली. काही थोड्यांच्या लबाडीसाठी प्रामाणिकपणे चालणाऱ्या लहान वाचनालयांनाही वर्षानुवर्षे दार बंद राहिले.

प्रामाणिक वाचनालयाला मिळत तरी किती होते, याचा हिशेब करून पाहावा. २०१२ च्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाचे वार्षिक परिरक्षण अनुदान ३०,००० रुपये होते. त्यातील निम्मी रक्कम वेतनासाठी धरली तर वर्षाला १५,००० म्हणजे महिन्याला १,२५० रुपये होतात. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली. त्या दराने ही रक्कम ४८,००० होते आणि वेतनाचा भाग महिन्याला २,००० रुपये. एवढ्यात दररोज वाचनालय उघडणारा, झाडणारा, पुस्तके देणारा आणि नोंदी ठेवणारा माणूस मिळतो तो वेतनासाठी येत नाही. तो आपला वेळ देतो. म्हणजे अनुदानाच्या युगातही वाचनालयाचा सर्वांत मोठा देणगीदार त्याचा ग्रंथपाल आहे, आणि त्याच्या देणगीची पावती कोणत्याही लेख्यात फाडली जात नाही.

मागणाऱ्याचा स्वाभिमान

अनुदान घ्यावे की न घ्यावे, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले ते सरकारी साहाय्यावाचून. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीने साहाय्य स्वीकारले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृह चालवले. १९४८ नंतर भाऊरावांच्या सरकारवरील टीकेमुळे संस्थेचे अनुदान काही काळ रोखले गेले. त्या वेळी संस्था तगली ती लोकांच्या आधारावर. यावरून साहाय्य घेऊच नये असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो आम्हांला मान्य नाही. मूठभर धान्य देणारा शेतकरी करही देतच होता. त्याने दोनदा द्यावे आणि शासनाने एकदाही देऊ नये, यात कोणता स्वाभिमान?

प्रश्न साहाय्याच्या स्वरूपाचा आहे. बोले यांच्या ठरावांनी सार्वजनिक पैशाला समतेची अट जोडली होती. ती अट लोकांनी शासनाला घातलेली होती. आपण आज ज्या अटी पाहतो त्या बहुतेक शासनाने लोकांना घातलेल्या आहेत. वाचनालय किती तास उघडे असते हे अर्जात विचारले जाते, आणि ते विचारलेच पाहिजे. पण गावातील कोणत्या वस्त्यांमधून वाचक येतात, स्त्रिया किती येतात, मजूर आणि त्यांची मुले किती येतात, हे अर्जात मध्यवर्ती असते तर मंडळांनी सभासद वेगळ्या ठिकाणी शोधले असते. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर आहे. त्याची कसोटी मात्र ग्रंथांच्या संख्येत शोधली जाते.

मराठीच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी दरवर्षी त्याच चार कादंबऱ्या निवडण्यापेक्षा आपल्या गावच्या वाचनालयाची दप्तरे उघडावीत. कोणती पुस्तके किती वेळा गेली हे देवघेव नोंदवहीत सापडेल. कोणती पुस्तके घेण्यास विरोध झाला हे इतिवृत्तात सापडेल. आणि वाचनालयाने स्वतःला जगापुढे कसे सादर केले हे अर्जाच्या स्थळप्रतीत सापडेल. वाचकवर्गाचा इतिहास या तीन कागदांशिवाय लिहिता येणार नाही. अनुदानाच्या फायली लेखापरीक्षण संपले आणि मुदत उलटली की रद्दीत जातात, आणि इतिवृत्ताच्या वह्यांना वाळवी लागते. गावच्या वाचनालयात जाऊन त्यांची यादी करणे हे पहिले काम आहे, आणि त्यासाठी कोणाच्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.